चियांग माईला निवृत्त व्हायचंय? आधी रुपयात हिशोब करा

प्रश्न थोडक्यात असा: "वय ६०, नाशिक. कंपनीतून निवृत्त. पत्नी ५८, अनुदानित शाळेतून नुकतीच निवृत्त, तिला पेन्शन आहे. पीएफ वगैरे धरून दीड कोटीच्या आसपास ठेवी, शिवाय राहता फ्लॅट. मुलगा बंगळूरला. थायलंडमधल्या चियांग माईचे बरेच व्हिडिओ पाहिले, ८०० डॉलरमध्ये दोघं राजासारखे राहतात म्हणे. फ्लॅट विकून तिकडे जावं का? साधं आणि स्वस्त राहायचं आहे. (आई ८१ वर्षांची, सध्या भावाकडे असते.)"

फ्लॅट विकू नका. एवढं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. पुण्यात कारखान्यात कॉस्टिंगचं काम करत होतो. २०१६ मध्ये, ५३व्या वर्षी, नोकरी सोडून बायकोसह चियांग माईला गेलो आणि नऊ वर्षं राहून २०२५ मध्ये परत आलो. तिथे असताना शेजारधर्म म्हणून भारतीय मंडळींचे व्हिसाचे आणि बँकेचे कागद लावून द्यायचो. आता वाईत बसून हेच काम रीतसर फी घेऊन करतो. जाऊन पस्तावलो नाही. परत आल्याचंही दुःख नाही. त्यामुळे तुम्हाला ढकलायचं किंवा अडवायचं, असा माझा कुठलाच हेतू नाही.

तुम्ही "स्वस्त" हा शब्द वापरलाय, गोंधळ तिथूनच सुरू होतो. ते व्हिडिओ ज्यांच्यासाठी बनतात त्यांचं पेन्शन डॉलरमध्ये किंवा पौंडात येतं. ८०० डॉलर म्हणजे ७० हजार रुपये धरा. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत एवढ्यात दोन खोल्यांचं भाडंही निघत नाही, म्हणून त्या माणसाला चियांग माई म्हणजे लॉटरी वाटते. तुमच्या हातात ७० हजार रुपये असतील, घर स्वतःचं असेल, तर नाशिकमध्ये तुम्ही आत्ताच बरे राहताय. उष्ण कटिबंधातला स्वस्त देश त्यांना शोधावा लागतो, आपण तर तिथेच जन्मलोय. नकाशा उघडून बघा, चियांग माई आणि पुणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही साडेअठरा अंशांच्या आसपास. फरक एवढाच की चियांग माई समुद्रसपाटीपासून फार तर ३०० मीटरवर, म्हणजे पुण्याहून खाली, त्यामुळे एप्रिल जास्त घाम काढतो.

आता आमचा खर्च सांगतो, शेवटच्या वर्षाचा, दोघांचा. एक बेडरूमचा कॉन्डो शहराच्या मध्यापासून जरा बाहेर, भाडं १३,५०० बात (थाई चलन). वीज, पाणी, इंटरनेट २,८००, एप्रिलमध्ये एसीमुळे थोडं वर. घरचा बाजार आणि बाहेरचं खाणं १२,०००. पेट्रोल आणि लाल सोंगथ्याव, म्हणजे तिथली शेअर रिक्षाच, २,०००. औषधं, तपासण्या २,५००. झाले ३२,८००. इथपर्यंतचाच आकडा व्हिडिओत सांगतात. त्यावर दोघांचा आरोग्यविमा, वर्षातून एकदा भारतात येणं-जाणं, व्हिसाची फी, बिघडलेला फ्रिज, हे बारा महिन्यांवर वाटलं की आणखी १३,०००. एकूण ४६,००० बातच्या आत-बाहेर. बात २ रुपये ६० पैशांनी धरला तर महिन्याला १ लाख २० हजार रुपये. आणि आमचं राहणं साधंच होतं बरं का. चारचाकी नव्हती, दारू नाही, फिरायला जाणं म्हणजे डोइ सुथेप या डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्या.

याहून कमीत राहणारे आहेत, आम्हीही पहिल्या वर्षी राहिलो. तुमचं भागेल की नाही हे विमा आणि भाडं या दोन गोष्टींवर ठरेल, भाजीवर नाही.

दुसरी गोष्ट व्हिडिओवाल्याला कळणारच नाही, कारण त्याला ती लागू नाही. २०१६ मध्ये मी गेलो तेव्हा एका बातला १ रुपया ९० पैसे पडायचे. परत आलो तेव्हा २ रुपये ६० पैशांच्या वर गेला होता. म्हणजे तिथे एका पैशाची महागाई झाली नसती, तरी ७६ हजारांचा खर्च १ लाख ४ हजारांवर गेला असता. भारतात राहणाऱ्या पेन्शनरला महागाई एकदा लागते. तिकडे राहणाऱ्याला तिथली महागाई लागते आणि वर रुपयाची घसरण. कॉस्टिंगचा माणूस असूनही मी हे आधी धरलं नव्हतं. तुमच्या पत्नीच्या पेन्शनला महागाई भत्ता मिळतो तो भारतातल्या महागाईचा. बातच्या भावाशी त्याचं काही नातं नाही.

आता व्हिसा. वय ५० पूर्ण असलं की निवृत्तीच्या आधारावर वर्षभराचा मुक्काम मिळतो आणि तो दर वर्षी वाढवून घ्यावा लागतो. त्यासाठी ८ लाख बात थाई बँकेत, अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर, किंवा महिना ६५,००० बात उत्पन्न, किंवा दोन्हीची बेरीज वर्षाला ८ लाख. बहुतेक जण ठेवीचाच मार्ग धरतात. ही रक्कम अर्जाआधी दोन महिने पडून असली पाहिजे, मुक्काम वाढवून मिळाल्यावर तीन महिने तशीच राहिली पाहिजे आणि उरलेल्या काळात ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. म्हणजे तुमचे साधारण २१ लाख रुपये नावाला तुमचे, पण हात लावायची सोय नाही, आणि व्याज जवळपास काहीच नाही. नाशिकच्या बँकेत त्यांवर जे व्याज आलं असतं तेही खर्चातच धरा. दर वर्षी फी १,९०० बात. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, विसरलात तर २,००० दंड. देशाबाहेर जाताना आधी री-एन्ट्री परमिट घ्यायचं, एका वेळचं १,००० बात. ते न घेता मुलाकडे आलात तर वर्षभराचा मुक्काम विमानतळावरच रद्द होतो. माझ्या ओळखीत दोघांचं झालंय असं.

दुसरा एक प्रकार आहे, ओ-ए नावाचा. तो निघण्याआधी आपल्या देशातूनच काढतात आणि ठेव आपल्या बँकेत दाखवली तरी चालते. पण त्याला ठरावीक रकमेचा आरोग्यविमा सक्तीचा आहे. साठीत मधुमेह-बीपी असलेल्या माणसाला हा विमा मिळणं आणि परवडणं, दोन्ही कठीण. म्हणून मी बहुतेकांना साधा 'ओ', म्हणजे आधी सांगितलेला प्रकार, सुचवतो.

या कुठल्याही व्हिसावर काम करता येत नाही. "तिकडे थोड्या शिकवण्या घेऊ" हे मनातून काढून टाका.

पैसे पाठवताना एक युक्ती. परदेशी पैसे पाठवायची मर्यादा माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे, तिची तुम्हाला चिंता नाही. पण १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. २१ लाख एकदम पाठवलेत तर २ लाख २० हजार अडकतात. रिटर्न भरल्यावर परत मिळतात हे खरं, पण मिळेपर्यंत वाट बघायची. १० लाख मार्चमध्ये आणि उरलेले एप्रिलमध्ये पाठवा. आर्थिक वर्ष बदलतं, मर्यादा पुन्हा मिळते, आणि कापले जातात जेमतेम १५-२० हजार. मात्र थाई बँकेत खातं उघडणं हल्ली पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. पर्यटक म्हणून गेलेल्याला बऱ्याच शाखा दारातूनच परत पाठवतात. तेव्हा खातं आधी, पैसे नंतर.

भारतातल्या कराकडे फार कमी लोक बघतात, आणि मला वाटतं तुमच्या प्रकरणात खरा फटका इथेच आहे. वर्षातला बहुतेक काळ बाहेर राहिलात की तुम्ही अनिवासी ठरता. निवासी माणसाला नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही, तो सवलतीमुळे. ती सवलत अनिवासींना नाही. समजा ठेवींचं व्याज वर्षाला ९ लाख आहे. नाशिकमध्ये राहून त्यावर शून्य. अनिवासी झालात की ३१,२०० रुपये. ही रक्कम काही डोंगराएवढी नाही, पण टीडीएस ३० टक्के आणि वर सेस या दराने कापला जातो, कारण तुमची खाती एनआरओ (अनिवासीचं भारतातलं रुपयाचं खातं) करून घ्यावी लागतात आणि तिथे 'कर कापू नका' असं सांगणारा १५एचसारखा फॉर्म चालत नाही. ९ लाखांवर पावणेतीन-तीन लाख आधी जातात, परतावा नंतर येतो. तेवढा काळ घरखर्च कशातून करणार? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासीला नवीन खातं उघडता येत नाही. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहतं, पुढे वाढवता येत नाही. एनआरओमधलं चालू उत्पन्न, म्हणजे व्याज, भाडं, पेन्शन, कर भरून बाहेर नेता येतं. मूळ भांडवल न्यायचं तर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, सीएच्या दाखल्यासह.

पत्नीच्या पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागेल. तिथून करता येतो, वकिलातीतून किंवा जीवन प्रमाणच्या अ‍ॅपवरून. पण ट्रेझरीत एक चक्कर मारून नियम विचारून घ्या आणि बँकेत नोंदलेला मोबाइल नंबर तिथे चालू ठेवा. ओटीपी आला नाही म्हणून दोन महिने पेन्शन काढू न शकलेल्या बाई मी पाहिल्यात.

थायलंडची बाजूही सांगून टाकतो. वर्षात १८० दिवस राहिलात की तुम्ही तिथले करदाते. १ जानेवारी २०२४ पासून, बाहेर मिळवलेलं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं की ते करपात्र धरतात, मग ते कुठल्याही वर्षी आणा. ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत मिळवलेली बचत आणली तर तिला हे लागू नाही. म्हणून त्या तारखेचे सगळ्या खात्यांचे उतारे बँकेकडून शिक्क्यासह घेऊन ठेवा. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण पेन्शन सरकारी की खासगी यावर त्याचं कलम बदलतं. ते तुमचे कागद बघूनच सांगता येईल.

इथवरच्या पैशांचं एकत्र मांडतो: महिन्याला सव्वा लाखाची तयारी, २१ लाख गोठलेले, कराची सवलत गेलेली, आणि दर वर्षी घसरणारा रुपया. दीड कोटीवर हे अशक्य नाही. पण याला स्वस्त म्हणता येणार नाही.

मग आम्ही नऊ वर्षं का राहिलो? कारण आम्हाला मिळालं ते वेगळंच होतं. फुटपाथ होता. सकाळी सहाला वारोरोत बाजारात फुलवाल्या बायका हात जोडून हसायच्या. कोणी हॉर्न वाजवत नाही, कोणाच्या लग्नाला किती आहेर द्यायचा हा विचार नाही, सोसायटीच्या मीटिंगा नाहीत. त्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या कापडाचं दुकान चालवणारे शीख आणि सिंधी आहेत, तूरडाळ कुठे मिळते ते त्यांनीच दाखवलं. गणपती तर तिथे जागोजागी, फ्रा फिकानेत म्हणतात, आणि फुलांसोबत लाल रंगाचं सरबत ठेवतात. बायकोने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाप्पाला रसना, म्हणून हसत सुटली होती. ही शांतता विकत मिळते, आणि पैसे असतील तर जरूर घ्यावी. फक्त ती घेताय हे माहीत असावं.

तुम्ही शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा: 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं. नुसतं "मांस नको" म्हटलं तर भाजीत माशाचा सॉस हमखास पडतो, कारण त्यांच्या लेखी तो मिठासारखा. 'जे'मध्ये कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या सासूबाई तिथे पुण्यापेक्षा खूश होत्या.

हवेबद्दल स्पष्ट सांगतो. फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, धूर डोंगरांच्या बशीत अडकतो, आणि मार्चमध्ये चियांग माई जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत वर असतं. दोघांपैकी कोणाला दमा असेल तर पुढचं वाचूच नका. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पिंग नदीने शहराच्या मध्यात घरांत पाणी शिरवलं. भाड्याने राहत असाल तर तुम्ही वरच्या मजल्यावर सरकता. विकत घेतलं असतं तर? तसंही परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही. कॉन्डो घेता येतो, तोही इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्राच्या मर्यादेत. मी एकालाही घ्या म्हणून सांगितलेलं नाही.

माझी मोठी चूक आरोग्याची. २०१८ मध्ये भारतातली मेडिक्लेम पॉलिसी बंद केली. तिथे राहतोय, इथला हप्ता कशाला, असा विचार. २०१९ मध्ये बायकोचं पित्ताशय काढावं लागलं. खासगी रुग्णालयाने पावणेदोन लाख बात सांगितले आणि दाखल करून घेण्याआधी हमी मागितली. तो खर्च तिथल्या विम्याने भागवला. पण परत आलो तेव्हा ६२व्या वर्षी नवी पॉलिसी, मधुमेहासाठी ३ वर्षांची प्रतीक्षा, आणि हप्ता जुन्याच्या अडीचपट. दोष माझा, कंपनीचा नाही. थायलंडमध्ये राहणाऱ्याचा विमा वयाबरोबर असा चढतो की ६८-७०च्या सुमारास बहुतेक जण परतायचा विचार करतात. म्हणून भारतातली पॉलिसी चालू ठेवा, ती वापरली जाणार नाही हे माहीत असूनही. फ्लॅट न विकण्याचं कारणही हेच. भाड्याने द्या, पण ठेवा.

आणखी एक अप्रिय गोष्ट. बरीच जोडपी पैसे वाचवायला एकाच्याच नावावर ८ लाख ठेवतात आणि दुसऱ्याला अवलंबित म्हणून व्हिसा घेतात. नियमात बसतं. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ अचानक गेले. खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर, ते गोठलं, वहिनींचा व्हिसा त्यांच्या व्हिसावर टांगलेला. थाई कोर्टातून आदेश मिळेपर्यंत काही महिने गेले, तोवर वहिनींच्या हातात रोख किती होती ते विचारू नका. तुम्हा दोघांचं वय ५० च्या पुढे आहे, पत्नीला स्वतःची पेन्शन आहे. दोघांचे स्वतंत्र व्हिसा करा. जमणार नसेल तर निदान तिथलं थाई भाषेतलं मृत्युपत्र आणि पत्नीच्या नावाने सहा महिन्यांचा खर्च असलेलं वेगळं खातं.

दुसरे देश विचाराल म्हणून: मलेशियाने २०२४ पासून मुख्य श्रेणींमधल्या सर्वांत खालच्या श्रेणीलाही दीड लाख डॉलरची मुदत ठेव आणि घरखरेदी लावली आहे, ते सोडा. मॉरिशसमध्ये मराठी शाळेत शिकवतात, मराठी माणसं पिढ्यांपासून आहेत, मन रमेल. पण बेटावरचा बहुतेक माल आयात होतो आणि बिलात ते दिसतं.

आता तुमच्या कंसातल्या वाक्याकडे येतो. आई ८१, सध्या भावाकडे. "सध्या" या शब्दावर मी थांबलो. भावाला आणि भावजयीला हे कायमचं आहे असं वाटतंय का, की तुम्ही निवृत्त झालात की आई तुमच्याकडे येतील अशी त्यांनी वाट पाहिली आहे? नाशिकहून चियांग माई म्हणजे मुंबईपर्यंत गाडी, तिथून बँकॉक सव्वाचार तास, पुढचं विमान सव्वा तास, मधली ताटकळ धरून १६ ते १८ तास दारापासून दारापर्यंत. रात्री फोन आला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचाल. २०२० च्या मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि मे महिन्यात माझे सासरे गेले. आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्यानंतर बायको तिथे राहिली, पण त्या घरात तिचं मन पूर्वीसारखं नव्हतं. आईला सोबत नेता येईल का असा विचार असेल, तर ८१व्या वर्षी विमा मिळणार नाही, आणि भाषा न येणाऱ्या गावात दिवसभर घरात बसणं हे त्यांच्यासाठी कसलं साधं आयुष्य?

तुमच्या जागी मी काय केलं असतं? आईंचं भावाशी उघड बोलून घेतलं असतं. ते नीट ठरलं की फ्लॅटला कुलूप लावून तीन महिने जाऊन राहिलो असतो, डिसेंबरात नव्हे, मार्च ते मे. धूर, एप्रिलचा उकाडा, पहिला पाऊस, तिन्ही दिसतात. फर्निचरसकट कॉन्डो महिन्याच्या कराराने मिळतो. त्या काळात पत्नीने एक दिवस एकटीने बाजार करायचा, एक दिवस एकटीने दवाखान्यात जाऊन रक्त तपासून यायचं. तुम्हाला जमेलच. तिला तिथे एकटीने जमतं का हे बघायला तीन महिने पुरतात. आणि हिशोबाची वही रोज लिहा, रुपयात.

पत्नीचं पेन्शन किती, ठेवी दोघांच्या नावावर कशा विभागल्यात आणि सध्याची मेडिक्लेम कधीपासूनची आहे, एवढं कळवलंत तर आकडे नीट मांडून देतो. आईंबद्दल भावाशी बोलणं झाल्यावरच लिहिलंत तरी चालेल.